बीटी कापूस: शंका तेलाबद्दल, धोका शिवारात

नमस्कार. मुंबईत बीटी पिकांचा विषय निघाला की पहिली शंका खाण्याबद्दलची असते: फरसाण तळायला वापरलेले सरकीचे तेल बीटी कापसाचे असेल, तर ते अपाय करील का? देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी असल्याने ही शंका अनाठायी म्हणता येत नाही.

मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजेन्सिस (संक्षेपाने ‘बीटी’) या जीवाणूचे जनुक कपाशीत घातले की झाडाच्या पेशींतच ‘क्राय’ प्रथिन तयार होते. अळीने बोंड कुरतडले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते कार्यक्षम होते, आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि तिथे छिद्रे पाडते, त्यातच अळी मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात तसे ग्राही नाहीत; शिवाय शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. तेव्हा फरसाणाची चिंता करायचीच असेल, तर ती पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाची करावी.

मात्र प्रत्येक क्राय प्रथिन निर्धोक, असे सरसकट म्हणून मोकळे होता येत नाही. अमेरिकेतील ‘स्टारलिंक’ मक्यातले क्राय-९-सी प्रथिन सहजी पचत नव्हते आणि त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती, म्हणून तो मका केवळ पशुखाद्यासाठी मंजूर झाला होता. २००० साली तोच माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांच्या रक्ततपासणीत त्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, पण ‘फक्त जनावरांसाठी’ ही अट बाजारात टिकत नाही, हे उघड झाले.

माझ्या मते खरी चिंता शिवारातली आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे देण्याची पद्धत ठरली. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. यालाच आश्रयपीक म्हणतात. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने अळीला खाऊ घालण्यासाठी ओळी सोडाव्यात, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी तितकीच बांधावर अवघड होती. कित्येकांनी ते छोटे पाकीट पेरलेच नाही. त्यात भर फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखण्याची. पाणी असले की कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली जाते आणि गुलाबी बोंडअळीला अखंड खाद्य मिळते. गुजरातमध्ये एकच बीटी जनुक असलेल्या वाणाला ती २०१० च्या सुमारास पुरून उरली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात दोन जनुकांचे वाणही तिने पोखरले. वरून बोंड हिरवेगार, फोडले तर आत किडकी सरकी आणि पिवळट डागाळलेला कापूस.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींवर तर बीटीचा परिणाम मुळातच होत नाही. त्यामुळे बोंडअळीसाठीची फवारणी सुरुवातीला घटली, तरी पंप पुन्हा पाठीवर आला. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली दाट पऱ्हाटी, एकत्र कालवलेली कीटकनाशके, तोंडाला जेमतेम एक रुमाल: अशा स्थितीत विष अंगावर आणि श्वासात जाते. बीटीने ही माणसे मारली, असे मी म्हणणार नाही. पण फवारणी कमी होईल या आश्वासनावर तंत्रज्ञान विकले गेले असेल, तर फवारणाऱ्याचे आरोग्य त्याच्या हिशेबात धरायलाच हवे.

बीटी वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्राने स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून त्याची लागवड होते. ते इथे पुन्हा मंजुरीसाठी आले, तर ॲलर्जीच्या आणि देशी वाणांशी होणाऱ्या संकराच्या चाचण्या तपासायला हव्यातच. त्यासोबत आणखी एक प्रश्न मला विचारायचा आहे: अर्ध्या एकरात वांगी लावून दर तीन-चार दिवसांनी तोडा वाशीच्या बाजारात पाठवणारा शेतकरी आश्रयपिकासाठी जागा कुठून काढणार, आणि त्या ओळींतल्या किडक्या वांग्यांचे पैसे त्याला कोण देणार?