सवलत नकाशाला की इमारतीला?

मंडळी, महापालिकांनी बिल्डरांना बांधकामाच्या शुल्कात सवलत द्यावी का, असा आजचा विषय आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: द्यावी, पण इमारत पाहून द्यावी, नकाशा पाहून नव्हे. हे मी कुठे शिकलो ते ऐका.

आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘पर्जन्यजल पुनर्भरण’, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी खड्ड्यातून जमिनीत मुरवणं, ठळक अक्षरांत छापलं होतं. पहिल्याच आषाढात पार्किंगमध्ये स्कूटरची चाकं बुडाली. आम्ही पहारीने खड्ड्याचं झाकण उचकटलं, तर आत राडारोडा! विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, कुणाची तरी एक चप्पल. गच्चीवरून येणारा पाइप खड्ड्याकडे वळवलेलाच नव्हता, थेट ड्रेनेजला जोडलेला. बिल्डरच्या माणसाने मंजूर नकाशा पुढे केला आणि म्हणाला, “काका, खड्डा दाखवलाय की!” दाखवला होता, हे खरंच.

मग दोन रविवार घमेल्यांची रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. दहा घमेली झाली की गूळ-दाणे. (आजी आज इथे आल्या आहेत, पहिल्या रांगेत.) पाइप वळवला, खडी-वाळू भरली, शेजारी गांडूळखताचा हौद बांधला. त्यानंतर मिळकतकराच्या सवलतीसाठी अर्ज केला. पुण्यात सौरऊर्जा, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत आहे. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी झाकण उघडायला लावलं, पाइपात बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि ते खड्ड्यात पडताना स्वतः वाकून पाहिलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

स्वतः राहतो त्या घराची ४० टक्के सवलतही तशीच. ती १९७० पासूनची; मधे बंद पडली, २०२३ मध्ये परत आली. तिच्यासाठी पीटी-३ फॉर्म आणि आपण तिथेच राहतो याचा पुरावा लागतो. किती जणांनी भरला? हात वर करा. बघा, निम्मी सभा! माझी यात काही तक्रार नाही. पैसा सगळ्यांचा आहे, पुरावा मागायलाच हवा.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भराभर मांडतो.

जानेवारी २०२१. कोविडने बांधकामं अडली होती. एचडीएफसीचे तेव्हाचे अध्यक्ष दीपक पारेख यांच्या समितीच्या शिफारशीवरून राज्य सरकारने त्या वर्षअखेरपर्यंत बांधकामाच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली. प्रीमियम म्हणजे वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधता येतं ते) वगैरेसाठी बिल्डर भरतो ती रक्कम. अट घातली ती ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. घराची किंमत उतरवण्याची अट नव्हती. आणि ही सवलत परवानगीच्या टप्प्यावरची, म्हणजे नकाशाची.

निर्णय राज्याचा, पण यातला मोठा वाटा महापालिकांच्या उत्पन्नातला. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला. हातात स्वतःचं म्हणून उरलं ते मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांचं उत्पन्न. मुदत संपायच्या आत प्रीमियम भरायला झुंबड उडाली, म्हणून तिजोरी भरल्यासारखी दिसली. पण त्यातला बराचसा पैसा पुढच्या वर्षांत पूर्ण दराने आला असता. इमारती उभ्या राहतील तेव्हा पाणी आणि ड्रेनेज पूर्ण मापाचंच लागणार, ते निम्म्या प्रीमियममध्ये कसं बसवायचं?

बिल्डर म्हणतात, सुरुवातीलाच एवढी रक्कम भरली तर व्याजाने मोडतो. हे म्हणणं मला पटतं. मग हप्ते द्या, मोठे हप्ते भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या दाखल्यापर्यंत, लांबवा. आणि सूट द्यायचीच असेल तर ती शेवटच्या हप्त्यात द्या, भोगवटा प्रमाणपत्रानंतर एक पावसाळा जाऊ देऊन. छोटी घरं बांधू म्हणून सूट मागितली असेल, तर ती खरंच बांधली का ते मोजा, खड्ड्यात पाणी पडतं का ते बघा.

अध्यक्ष उभे राहिलेत, थांबतो. आमचा खड्डा ज्यांना बघायचाय त्यांनी येत्या पावसात या. झाकण मी स्वतः उघडून दाखवीन, बादली आजी देतील.