41 यार्ड, दोनदा

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील झाली तर रेडिओ किचनमध्ये घेऊन या, कारण आज ज्या माणसाबद्दल बोलणारे त्याला बघायला टीव्हीसमोर कुणी थांबत नाही, त्याच्या वेळेला लोक चिप्स आणायला उठतात. अमेरिकन फुटबॉलमधला लाँग स्नॅपर, म्हणजे किकच्या वेळी दोन पायांमधून बॉल मागे फेकणारा, त्या फेकीला म्हणतात स्नॅप. थांबा, स्टेशन बदलू नका, सगळे नियम शिकवत बसणार नाहीये मी.

आमच्या न्यू जर्सीत शेजारचा हायस्कूलचा पोरगा रोज संध्याकाळी मागच्या अंगणात पाय फाकवून ओणवा उभा राहतो आणि दोन पायांमधून बॉल मागे फेकतो, जाळीवर. धप्. बॉल आणतो, परत ओणवा, परत धप्. मला आधी वाटलं काही व्यायामबियाम असेल. एकदा म्हणाला, जरा मागे उभे राहता का पंटरच्या, म्हणजे बॉल लांब लाथाडणाऱ्याच्या जागी, मी आपला चहाचा कप कुंपणावर ठेवून उत्साहात गेलो, 15 यार्ड मागे, म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या दोन तृतीयांशाहून किंचित जास्त. बॉल गरगर फिरत आला, हातातून निसटला आणि थेट हनुवटीला. तळहात रात्रीपर्यंत चुरचुरत होते. आणि पोरगा म्हणतो कसा, हा तर हळू टाकला होता.

खरं काम सांगतो. पंट असेल तर तो बॉल पंटरच्या हातात साधारण पाऊण सेकंदात पोचला पाहिजे. फिल्ड गोल असेल, म्हणजे किक मारून बॉल गोलपोस्टमधून घालायचा असेल, तर सातआठ यार्डांवर एक जण गुडघा टेकून बसलेला असतो, होल्डर, तो बॉल पकडून जमिनीवर उभा धरतो आणि किकर लाथ मारतो, हे सगळं मिळून सव्वा सेकंद, फार तर थोडं जास्त. त्यातही बॉलची लेस, म्हणजे शिवणीवरची दोरी, गोलपोस्टच्या बाजूला पाहिजे, किकरच्या पायाकडे नको. चांगला स्नॅपर बॉलला फिरकीच इतकी मोजून देतो की होल्डरच्या हातात तो लेस बरोबर ठेवूनच येतो. आणि हे सगळं उलटं डोकं करून, समोरचा शंभर किलोचा गडी अंगावर यायला टपलेला असताना. बॉल सुटला की लगेच उभं राहून त्याला अडवायचंसुद्धा. आधी तर तो गडी अगदी डोक्यावर येऊन उभा राहायचा, 2006 पासून फिल्ड गोलच्या वेळी नियमाने ते बंद झालं.

एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, टीम 32 आणि प्रत्येकीत स्नॅपर एकच, म्हणजे अख्ख्या देशात नोकऱ्या 32. पण एकदा चिकटला की माणूस चिकटला. शिकागो बेअर्सचा पॅट्रिक मॅनेली 16 सीझन, 245 मॅचेस, त्या टीमकडून सगळ्यात जास्त. डेट्रॉइटचा डॉन मुलबाक 17 सीझन. पगार म्हणाल तर 2025 मध्ये अगदी नवख्यालाही किमान 8 लाख 40 हजार डॉलर. वर रस्त्यात कुणी ओळखत नाही! मला तर हे सुखच वाटतं, बायकोला नाही वाटत.

पण ओळखतात कधी, ते ऐका. 5 जानेवारी 2003, सॅन फ्रान्सिस्को. न्यूयॉर्क जायंट्स 38-14 ने पुढे होते, मॅच खिशात. स्नॅपिंगचा गोंधळ होता म्हणून त्यांनी काही दिवस आधीच ट्रे जंकिनला फोन करून बोलावलेलं, वय 41, 19 सीझन खेळून रिटायर झालेला माणूस. इकडे आघाडी वितळत वितळत गेली आणि स्कोअर झाला 39-38, समोरच्यांचा. त्याआधीच, तीन मिनिटं असताना, एक स्नॅप खाली गेला, किक चुकली. शेवटी सहा सेकंद राहिले, 41 यार्डांची किक, पुन्हा स्नॅप वाकडा. होल्डरने धडपडत बॉल उचलला आणि पास टाकला, पास ज्याच्याकडे चालला होता त्याला समोरच्याने ओढून पाडलं, पंचांनी ते पकडलंच नाही, मॅच संपली. दुसऱ्या दिवशी लीगने कबूल केलं की चूक झाली, तो प्ले परत घ्यायला हवा होता. पण काय उपयोग. जंकिन मॅचनंतर पत्रकारांसमोर बसून राहिला आणि सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. 24 पॉइंटची आघाडी घालवली ती त्याने एकट्याने का? पण अजून आमच्या शेजाऱ्यासमोर जंकिन म्हटलं की ते कॉफी खाली ठेवतात.

आता एक वर्ष पुढे. डिसेंबर 2003, लुइझियानातलं बॅटन रूज, ब्रायन किंचन नावाचा माणूस शाळेत सातवीच्या पोरांना बायबल शिकवतोय. वय 38, तीन वर्षं बॉलला हात नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा स्नॅपर जखमी, त्याच्या जागी आणलेलाही जखमी, म्हणून ह्याला फोन. गेला बिचारा. पण मोठ्या मॅचेस जवळ आल्या तसा हात बिघडला, सरावात बॉल कुठेही जायला लागले, इतका हादरला की मला सोडा, दुसरा कुणी बघा, असं त्याने टीमच्या अधिकाऱ्याला सांगितलं. सोडलं नाही. वर सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या फायनलच्या दिवशी हॉटेलात जेवताना पाव कापताना बोट कापून घेतलं, म्हणजे बघा नशीब. 1 फेब्रुवारी 2004, ह्यूस्टन, स्कोअर 29-29, काही सेकंद शिल्लक, आणि किक किती यार्डांची? 41.

स्नॅप सरळ गेला. किकर ॲडम व्हिनाटिएरीने गोल मारला, 32-29, किंचनच्या बोटात चॅम्पियनची अंगठी आली, त्या कापलेल्या हाताच्या का दुसऱ्या ते विचारू नका.

ह्या दोन गोष्टी मी परवा कुंपणावरून पोराला सांगितल्या, मोठ्या थाटात. त्याला दोन्ही पाठ होत्या, जंकिनचा व्हिडिओ तर म्हणे त्याने शंभर वेळा पाहिलाय, थांबवून थांबवून, मनगट कुठे वळलं ते बघायला. मग बॉल उचलला आणि म्हणाला, उभे राहता का परत? मी घरात जाऊन बर्फ उपसायचे हातमोजे घेऊन आलो.