फ्रिजच्या दुकानात पातेलं

नमस्कार श्रोतेहो. दसरा-दिवाळी जवळ आली की पेपरचं पहिलं पान शोधावं लागतं. आधी फ्रिज, मग मोबाइल, मग वॉशिंग मशीन. एवढं उलटलं की बातमी लागते. तर आज बोलायचंय ते हेच, की एवढ्या जाहिरातींच्या गर्दीत नवी वस्तू घेताना आपण मोजायचं काय.

माझी आत्या मिरजेला असते. पतसंस्थेतून निवृत्त झालेली. गेल्या दसऱ्याला तिला फ्रिज बदलायचा होता, म्हणून तिला घेऊन सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. आत्याच्या हातात भलीमोठी कापडी पिशवी. मला वाटलं, वाटेत भाजी घ्यायची असेल.

दुकानातला पोरगा तयारीचा होता. "आजी, हा बघा, फाइव्ह-इन-वन कन्व्हर्टिबल. फ्रीझरचा फ्रिज होतो. वायफाय आहे, मोबाइलवरून थंडी कमी-जास्त करता येते."

आत्या म्हणाली, "मी घरातच असते रे. उठून करीन."

आणि तिनं पिशवीतून काढलं काय, तर पातेलं! इडलीचं पीठ ठेवायचं, जर्मनचं, कडेला पोचा आलेलं. वर ताटलीसुद्धा. "हे बसतं का बघू दे."

बसेना. पोरग्यानं काचेची फळी एक घर वर घेतली, तर वरच्या कप्प्यात दुधाचं भांडं मावेना. तो कळवळून म्हणाला, "आजी, तीनशे लिटरच्या वर आहे हो हा!"

"लिटर घेऊन काय करू? मी काय त्यात पाणी भरणारे?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसायला लागली. शेजारी एक साधं मॉडेल होतं, वायफाय नाही, काही नाही. त्यात पातेलं ताटलीसकट बसलं. मग आत्यानं चष्मा लावला आणि दारावरचं स्टारचं लेबल वाचलं. फ्रिज वर्षाला किती युनिट वीज खातो, ते त्यावर छापलेलं असतं. घरून लाइटबिल आणलंच होतं. त्यावरचा दर बघून तिनं मला तिथंच गुणाकार करायला लावला.

तेवढ्यात मॅनेजर आले. "नो कॉस्ट ईएमआय करून देतो, एक रुपया व्याज नाही." आत्या म्हणाली, "बरं. मग रोख दिले तर किती कमी कराल?" आणि मॅनेजरनी किंमत कमी केली की हो! व्याज नव्हतं, तर हे कमी झालेले पैसे कुठले? रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. आत्यानं ते परिपत्रक वाचलेलं नाही. पतसंस्थेत आयुष्य गेलं, एवढंच.

तर श्रोतेहो, पातेलं न्या आणि लेबल वाचा. पुन्हा सांगतो, लेबल वाचा. त्यावर सालही असतं. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालातले पाच स्टार आणि यंदाचे पाच स्टार एक धरू नका. 2023 पासून छताच्या पंख्यालाही हे लेबल सक्तीचं झालंय. जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. इथं मात्र नव्या वस्तूचे जादा पैसे द्यायला माझी हरकत नाही. जाहिरातीत मात्र पंख्याचा रंग दाखवतात!

जाहिरातीवरून आठवलं. ओनिडा टीव्हीचा तो शिंगं-शेपटीवाला राक्षस आठवतो? शेजाऱ्यांचा हेवा विकत होता बिचारा, पण उघडपणे. टीव्हीत काय होतं ते मला आज सांगता येणार नाही, राक्षस मात्र पाठ आहे. आताच्या जाहिरातीत हेवा नसतो, 'अटी लागू'ची बारीक फुली असते. वर मराठीत मोठ्ठा दावा, खाली मुंगीच्या अक्षरात इंग्रजी अटी. 2022 च्या केंद्राच्या नियमांनुसार दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. फसगत झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, बिल जपून ठेवा.

आणि एक राहिलंच. नवा फ्रिज आला की जुना गॅलरीत जातो, "पाहुणे आले की कोल्ड्रिंकला होईल" म्हणून, आणि बाराही महिने चालू राहतो. नव्याच्या पाच स्टारांनी वाचवलेली वीज हा खातो. तो देऊन टाका. आत्यानं तिथंच एक्स्चेंजमध्ये दिला, आतले बर्फाचे ट्रे तेवढे काढून घेतले. नमस्कार.