हाडात मुरलेले पाणी

पडद्यावर दिसतो आहे तो डायनासोरच्या मांडीच्या हाडाचा आडवा काप. बाहेरच्या कडेपासून आतल्या पोकळीपर्यंत त्यावर बारीक खड्ड्यांची सरळ रांग आहे. प्रत्येक खड्डा लेसरच्या झोताने पडलेला असून तिथून उडालेल्या सूक्ष्म कणांतली मूलद्रव्ये मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजली जातात.

हाडाचा दगड होतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात घडते ते याहून गुंतागुंतीचे आहे. ताज्या, कोरड्या हाडाचे सुमारे दोन तृतीयांश वजन अपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटयुक्त खनिजाचे आणि उरलेले मुख्यत्वे कोलॅजेन या प्रथिनाचे असते. गाडल्या गेलेल्या हाडातले कोलॅजेन जिवाणूंमुळे आणि पाण्यामुळे विघटित होऊ लागले, की त्यात लपेटलेले, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे अपेटाइटचे स्फटिक भूजलाला उघडे पडतात. मग त्यांतल्या हायड्रॉक्सिलची जागा पाण्यातले फ्लोराइड घेते, स्फटिक वाढून अधिक टिकाऊ होतात आणि छिद्रांत कॅल्साइट किंवा सिलिका साचत जाते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दातांचे रक्षण करते, त्यामागेही हीच अदलाबदल आहे. हाडातले खनिज आपले घटक बदलत बदलत कोट्यवधी वर्षे टिकून राहते, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते.

युरेनियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये (लँथेनमसारखे धातू) जिवंत हाडात नगण्य असतात. जीवाश्मात मात्र ती अनेकदा शेकडो पटींनी वाढलेली आढळतात, कारण ती भूजलातून आलेली असतात. त्यांचे प्रमाण कडेला भरपूर आणि आत झपाट्याने घटत गेलेले असेल, तर हाडाने ती घेणे लवकर थांबले असावे; सगळीकडे जवळपास सारखे असेल, तर पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले असावे.

या रसायनशास्त्राने एक मोठी फसवणूकही उघडी पाडली. इंग्लंडमधल्या पिल्टडाउन इथली कवटी आणि जबडा १९१२ मध्ये आदिमानवाचे म्हणून जाहीर झाले होते. फ्लोराइडचे प्रमाण जागोजागी वेगळे असल्याने एकाच ठिकाणची हाडेच परस्परांशी ताडता येतात, आणि ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ केनेथ ओकली यांनी नेमके तेच केले. तिथल्या खऱ्या प्राचीन प्राण्यांच्या हाडांत फ्लोरिन भरपूर होते, कवटीत आणि जबड्यात अत्यल्प. १९५३ च्या तपासणीत तर जबड्यातला नायट्रोजन जवळजवळ ताज्या हाडाइतका निघाला. हाडातला नायट्रोजन मुख्यत्वे कोलॅजेनमध्ये असतो; म्हणजे जबड्यातले कोलॅजेन अजून विघटितच झाले नव्हते.