सकाळची अडकलेली अंगठी

श्रोतेहो, नमस्कार. मी संधिवाताची डॉक्टर. कुर्ल्याहून एक तिशीची बाई माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसताच म्हणाली, "डॉक्टर, सकाळी अंगठी बोटात अडकून बसते, दुपारी आपोआप सैल होते." पोळ्या लाटताना हात धरवत नव्हता. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे घरच्यांनी चिकनगुनियावर शिक्का मारून टाकला होता.

पण त्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या दोन्ही गालांवर, नाकाच्या दांड्यावरून पसरलेली लाली आली होती. त्यासाठी त्वचेचा डॉक्टर. तोंडात न दुखणारे फोड, म्हणून दातांचा डॉक्टर. केस गळतात, तर शेजारणीने सांगितलेलं तेल! सगळं एकत्र मांडायला कुणाला सवडच झाली नाही.

हा आजार म्हणजे ल्युपस. एरवी आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवते. ल्युपसमध्ये ती आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटतात. केंद्रक तर बहुतेक सगळ्याच पेशींत, मग सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, काहीही तडाख्यात सापडू शकतं. दहातले नऊ रुग्ण बायका, त्याही बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या. आणि हो, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी काढणाऱ्या सासूबाई अजून भेटतात, म्हणून सांगितलं.

केंद्रकावर उलटलेली ही प्रतिपिंडं शोधणारी एएनए नावाची रक्ततपासणी असते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपसच, असं नाही. धडधाकट माणसातही ती येते. रिपोर्ट हातात घेऊन मोबाइलवर शोधत बसू नका.

मला खरी धास्ती मूत्रपिंडाची. ते बिघडायला लागलं तरी दुखत नाही. लघवीला फेस, पायांवर सूज, वाढलेलं ब्लडप्रेशर, एवढ्याच खुणा, त्याही उशिराने. म्हणून बरं वाटत असतानाही लघवीची तपासणी करून घ्यायची.

आणि बरं वाटतं तेव्हाच घोटाळा होतो. गोळ्या बंद! हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही मुळात मलेरियाची गोळी, ल्युपसमध्ये ती वर्षानुवर्षं चालते. 2020 साली करोनाच्या भीतीने लोकांनी ती घरात भरून ठेवली, तेव्हा माझे रुग्ण केमिस्टच्या दारोदार फिरत होते. तिच्यासाठी अधूनमधून डोळे तपासावे लागतात, तेवढं करा. स्टेरॉइड तर मनाने एकदम कधीच सोडू नका. बाळ हवं असेल, तरी आधी येऊन बोला. आजार काही महिने शांत असला की बहुतेकींना ते जमतं, फक्त काही गोळ्या आधी बदलाव्या लागतात.

ऊन मात्र खरंच टाळायचं, कारण त्याने आजार उसळतो. कुर्ल्याची ती बाई आता पूर्ण बाह्यांचा ड्रेस, छत्री आणि सनस्क्रीन घेऊन निघते. सकाळच्या लोकलमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली, तरी ती दुसरीला देते. डब्यातल्या मैत्रिणींना आधी वाटलं, हिचं कुणाशी तरी भांडण झालंय.