भान हरपल्यावर सही कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

बँकेच्या खिडकीशी एक मुलगा उभा आहे, असं समजा. हातात वडिलांनी करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद. स्टॅम्प, साक्षीदार, सह्या, सगळं चोख. कर्मचारी कागद चाळतो आणि सहज विचारतो, "वडील कसे आहेत?" मुलगा खरं ते सांगून टाकतो, "कुणाला ओळखत नाहीत हो आता." कर्मचारी कागद हळूच परत सरकवतो.

कागदात खोट नव्हती. पण मुखत्यार वागतो तो तुमच्या वतीने. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारा वारला किंवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, की दिलेला अधिकार संपतो. पाऊस आला की मिटणारी छत्रीच म्हणा ना! मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा, आणि तोवर औषधांची बिलं तुंबतात.

इंग्लंडने यावर १९८५ मध्ये कायदा केला. २००७ पासून तिथे 'लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' करता येते, म्हणजे भान हरपल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र. पैशांची वेगळी, उपचारांची वेगळी. नोंदणी झाल्याशिवाय मात्र ती चालत नाही.

जिथे अशी सोय नाही, तिथे ट्रस्टचा विचार करावा. मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर, उपभोग तुमचा. तुमचं भान गेलं तरी त्याचं काम थांबत नाही. भारतात खाजगी ट्रस्टला १८८२ चा कायदा लागू होतो, आणि घर-जमीन त्यात घालायची तर नोंदणीकृत दस्त लागतो. लोक चुकतात ते इथेच. दस्त थाटात करतात, पण ठेवी राहतात आपल्याच नावावर. असा ट्रस्ट म्हणजे कुलूप लावलेली रिकामी पेटी. शिवाय शस्त्रक्रिया करायची की नाही, हे विश्वस्त ठरवू शकत नाही, तो पैशापुरताच.

विश्वस्त कोण? माझं विचाराल तर सगळ्यात लाडका नव्हे, हिशेब लिहून ठेवणारा. आणि तो आधी गेला तर, म्हणून दुसरं नावही दस्तातच घाला.

जाता जाता, मुखत्यारपत्र रद्द केलंत तर बँकेला लेखी कळवा. तुम्ही घरी कागद फाडलात, हे खिडकीपलीकडच्याला कसं कळणार?

नमस्कार.