अॅमस्टरडॅममध्ये अस्सल इंडोनेशियन जेवण कसे शोधावे?

नमस्कार. नोकरीनिमित्त अॅमस्टरडॅमला किंवा शेजारच्या अॅमस्टलवेनला आलेल्या मराठी माणसाला कुणीतरी लवकरच सांगते की, इथे मसालेदार खायचे असेल तर इंडोनेशियन खा. सल्ला योग्य आहे. पण तो ऐकून जो पहिल्याच दिसलेल्या उपाहारगृहात शिरतो, त्याच्या पुढ्यात आलेले ताट जाकार्ताच्या किंवा पश्चिम सुमात्रातल्या पाडांगच्या माणसाला आपले वाटेलच असे नाही. या शहरात ‘इंडोनेशियन’ या एका नावाखाली निदान चार निराळी स्वयंपाकघरे चालतात आणि त्यांतले आपल्याला कोणते हवे आहे, हे आधी ठरवावे लागते.

(पडद्यावर: भाताभोवती मांडलेल्या वाट्यांचे टेबल)

पर्यटकांना दाखवले जाते ते रैस्टटाफल, म्हणजे मध्ये भात आणि भोवती पंधरा-वीस पदार्थांच्या लहान वाट्या. अॅमस्टलवेनसेवेखवरील ‘ब्लाऊ’ किंवा पी. सी. होफ्टस्ट्रातवरील ‘सामा सेबो’ ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणे. ही पद्धत डच वसाहतीच्या काळात मळेवाल्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांत रुजली, आणि बटाव्हिया (आजचे जाकार्ता), बांडुंगच्या मोठ्या हॉटेलांत तिला सोहळ्याचे रूप आले. एकेक पदार्थ हातात घेतलेले वाढपी तिथे रांगेने टेबलापाशी येत. सुमात्राचे रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेले मांस), जावाचे गादो-गादो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) आणि बालीचा एखादा पदार्थ तिच्यात शेजारी शेजारी बसतात. कोल्हापूरचा रस्सा, मालवणची सोलकढी आणि नागपूरचे सावजी मटण एका ताटात मांडून त्याला कुणी रोजचे मराठी जेवण म्हणावे, तसा हा प्रकार आहे. चवीला तो उत्तम असू शकतो; फक्त ते इंडोनेशियातल्या घरचे जेवण नव्हे.

तरीही त्याला खोटे म्हणण्याची घाई मी करणार नाही. इंडोनेशियाने 17 ऑगस्ट 1945 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि नेदरलँड्सने त्याला 1949 च्या डिसेंबरात मान्यता दिली. त्या धामधुमीत आणि पुढच्या दीड दशकात सुमारे 3 लाख माणसे तिथून नेदरलँड्सला आली. त्यांत डच आणि इंडोनेशियन अशा मिश्र वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी हा थंड देश त्यापूर्वी पाहिलाही नव्हता. सरकारने त्यांपैकी अनेकांना भाड्याच्या वसतिगृहांत ठेवले. तिथे उकडलेल्या बटाट्यांचे डच जेवण मिळे आणि खोलीत स्वयंपाक करायला बहुधा मनाई असे. ताजे गलांगल (आल्यासारखे एक कंदमूळ) आणि गवती चहा मिळत नसल्याने त्यांच्या वाळवलेल्या पुडी आल्या, साते म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाच्या सॉससाठी शेंगदाणे कुटण्याऐवजी पीनट बटर आले. या लोकांचे जेवण ही एक स्वतंत्र परंपरा आहे, आणि पाटीवर ‘इंडिश’ असे लिहिलेले असेल तर आत बहुधा तीच मिळेल.

गावोगावच्या चिनी-इंडिश, म्हणजे चिनी लोकांनी चालवलेल्या मिश्र पदार्थांच्या उपाहारगृहांबद्दल फार बोलण्याची गरज नाही. गोडसर टोमॅटो सॉसमधले बाबी पांगांग (भाजलेले डुकराचे मांस) आणि मुठीएवढी लुम्पिया (तळलेला स्प्रिंग रोल) ही तिथली ओळख. नेदरलँड्सने 2021 मध्ये या उपाहारगृहांच्या संस्कृतीची आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, आणि ते योग्यच झाले, कारण हा वारसा नेदरलँड्सचाच आहे.

सुरिनामी-जावानी वारुंग, म्हणजे साधी छोटी खाणावळ, मात्र चुकवू नये. डचांनी 1890 ते 1939 या काळात सुमारे 33,000 जावानी मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला नेले; त्याआधी, 1873 पासून, हिंदुस्थानातूनही मजूर तिथे जाऊ लागले होते. सुरिनाम 1975 मध्ये स्वतंत्र झाले, त्या सुमारास या दोन्ही समाजांतली पुष्कळ कुटुंबे नेदरलँड्सला आली. त्यामुळे डे पैप भागातील ‘वारुंग स्पांग माकांद्रा’सारख्या ठिकाणी मिळणारे साओतो सूप हे जावाच्या सोतो या सूपचेच, दोन महासागर ओलांडून आलेले रूप आहे. त्यात तळलेल्या बटाट्याच्या काड्या, मोड आलेले मूग आणि उकडलेले अंडे असते, आणि थंडीच्या दिवसांत माझी पहिली पसंती तीच असते.

आता आजच्या इंडोनेशियातले जेवण. ते शोधताना पदार्थांच्या संख्येपेक्षा प्रदेशाकडे पाहावे. एकाच बेटाचे किंवा एकाच शहराचे पदार्थ करणारा स्वयंपाकी शंभर पदार्थांची यादी लावणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो. यादीत पालेम्बांगचे पेम्पेक (माशाच्या पिठाच्या वड्या), योग्याकार्ताचे फणसाच्या कुयरीचे गुदेग किंवा पूर्व जावाचे रावोन हे काळेभोर मांसाचे सूप दिसले, तर तिथे जरूर बसावे. रावोनचा काळा रंग कलुवाक नावाच्या बीमुळे येतो. ती बी कच्ची असताना विषारी असते. ती राखेत पुरून आणि भिजवून खाण्याजोगी करावी लागते. केवळ पर्यटकांसाठी कुणी एवढी उस्तवार करत नाही. डुकराच्या मांसावरूनही काही कळते: बहुसंख्य इंडोनेशियन मुस्लिम असल्याने ते बाली, बाताक, मानादो आणि चिनी समाजाच्या स्वयंपाकात आढळते. पाडांगचे म्हणवणाऱ्या ठिकाणी ते दिसले, तर प्रश्न विचारावा.

(पडद्यावर: रेंदांगच्या तीन अवस्था)

रेंदांग ही माझी नेहमीची कसोटी आहे. नारळाच्या दुधात मांस शिजू लागते तेव्हा रस पातळ असतो, तो गुलाई. आटून दाट आणि तपकिरी झाला की कालियो. आणि आणखी काही तास ढवळत राहिल्यावर दूध आटून तेल सुटते, मसाला मांसाला घट्ट चिकटतो, रंग जवळजवळ काळा होतो, तेव्हा ते मिनांगकाबाऊ लोकांचे, म्हणजे पाडांगकडच्या लोकांचे, रेंदांग. इथे रेंदांग म्हणून पुष्कळदा कालियोच वाढतात. चव गोड लागली म्हणून मात्र पदार्थाला नकली ठरवू नये. मध्य जावाचे जेवण मुळातच गोड असते.

प्रत्यक्ष कुठे जावे? दुपारच्या वेळी टोकोत. टोको म्हणजे किराणा आणि तयार जेवण एकत्र विकणारे दुकान. निउमार्क्टजवळचे ‘टोको जॉयस’ हे त्याचे सोयीचे उदाहरण. तिथे नासी रामेस मागावे, म्हणजे भातावर दोन-तीन पदार्थ वाढून मिळतात. बरेच टोको संध्याकाळी लवकर बंद होतात. याशिवाय 17 ऑगस्टच्या आसपास इंडोनेशियन समाज भरवत असलेल्या बाजारांवर लक्ष ठेवावे, विशेषतः द हेगमध्ये. एरवी उपाहारगृहात न दिसणारे पदार्थ गृहिणी तिथे स्वतः करून आणतात.

शाकाहारी प्रेक्षकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. गादो-गादो, भाज्यांची रस्सेदार सायूर लोदेह आणि बहुतेक संबल (मिरचीच्या चटण्या) यांत तरासी असू शकते. ती आंबवलेल्या कोळंबीची गडद वडी असते आणि वाटणात विरघळल्यावर दिसत नाही. ‘मांस नाही ना?’ एवढे विचारणे पुरेसे नाही. तरासीचे नाव घेऊनच विचारावे. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, पण ते ज्या संबलात परतले आहे त्याची चौकशी करावी. सुकट-जवळ्याच्या वासावर वाढलेल्या कोकणी माणसाला मात्र तरासीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

घरी करायचे असेल तर सुपरमार्केटच्या कपाटातल्या तयार बाटल्या टाळाव्यात. 1932 मध्ये बार्न येथे सुरू झालेल्या ‘कोनिमेक्स’ने डच घरांना ही चव पिढ्यान्‌पिढ्या पुरवली, पण ती डच जिभेसाठी बेतलेली आहे. टोकोत किंवा मोठ्या आशियाई दुकानात गोठवलेले गलांगल, सालामची पाने (तमालपत्रासारखी वापरतात ती) आणि केमिरीच्या तेलकट बिया मिळतात. केमिरी कच्ची खाऊ नये, वाटणात घालून नीट शिजवावी. केचाप मानिस, म्हणजे गोड सोया सॉस, घेताना इंडोनेशियातून आलेली, ‘बांगो’ किंवा ‘ए-बी-सी’ची बाटली घ्यावी, आणि सुरुवातीला पाककृतीत लिहिले असेल त्याच्या निम्मेच घालावे.